बिदागीचा तास

गाण्याच्या क्लासला मुलीचं नाव घालायला आलेले पालक पहिल्या पाच मिनिटांत दोन गोष्टी विचारतात. दहावीला मार्क किती वाढतात, आणि क्लासची वेळ ट्यूशनच्या वेळेशी जुळेल का. घरी पेटी लागेल का, रोज किती वेळ बसवायचं, हे बहुतेक कुणी विचारत नाही. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा दिलेल्यांना दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळू लागले, तेव्हापासून आमच्या सांगली-मिरजेकडच्या क्लासांना गर्दी वाढली. दहावीच्या आधी हव्या तेवढ्या परीक्षा उरकायच्या आणि निकाल लागला की पेटीवर खोळ घालायची, असा बहुतेकांचा क्रम. मी त्यावर तक्रार करणार नाही. त्या गर्दीनं माझ्या क्लासचं भाडं भरलं आहे, आणि मार्कांसाठी आलेल्यांतल्या काही जणी अजून गातात.

माझं स्वतःचं काम चार तुकड्यांत विभागलेलं आहे. पहाटे संगणकासमोर बसून न्यू जर्सीतल्या मराठी मुलांना शिकवते, तिकडे तेव्हा संध्याकाळ असते. दुपारी कॉलेजात बी.ए.चे तास, तेही तासिका तत्त्वावर. संध्याकाळी घरचा क्लास. एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत परीक्षक म्हणून गावोगावच्या केंद्रांवर जाते. अधूनमधून एखादी मैफल, आकाशवाणीचं एखादं ध्वनिमुद्रण. यातलं कुठलंही एक काम घर चालवायला पुरत नाही, सगळी मिळून पुरतात. घरासाठी कर्ज काढायला गेले तेव्हा बँकेतल्या अधिकाऱ्यानं माझी आयकराची विवरणपत्रं दोनदा उलटून पाहिली आणि आदरानं विचारलं, “क्लासचे पण भरता?” गाणाऱ्या माणसाला उत्पन्न असतं, हे पचायला त्याला जड गेलं. त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. त्याचं मूळ शंभर-सव्वाशे वर्षं मागे आहे, आणि आमच्याच भागात आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते मिरजेत शिकले. मिरजेतल्या एका समारंभाला विष्णुबुवांना निमंत्रण आलं आणि त्यांच्या गुरूंना आलं नाही, कारण ते नुसते गवई, असा प्रसंग त्यांच्या चरित्रांतून सांगितला जातो. ती ठेच घेऊन त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. संस्थानिकाच्या आश्रयावर विसंबून न राहता वर्गण्या आणि तिकिटं लावून केलेले जलसे यांवर ते चालवलं. इयत्ता ठरवल्या, स्वरलिपी तयार केली, पुस्तकं छापली, परीक्षा आणि प्रमाणपत्रं आणली, स्त्रियांसाठी वर्ग उघडले. पुढे मुंबईत शाळेची स्वतःची इमारत उभी केली आणि ती कर्जापायी लिलावात गेली. संगीतशिक्षणाच्या धंद्यातलं पहिलं मोठं दिवाळंही त्यांच्याच खात्यावर आहे, ही गोष्ट आम्ही जयंतीच्या भाषणांत सहसा सांगत नाही.

त्यांनी आणखी एक केलं. चांगल्या घरच्या मुलींना गाता यावं म्हणून अनेक बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तिथे भक्तीचे घातले. दुसऱ्या बाजूनं पंडित भातखंडे, पेशानं वकील, उस्तादांकडून आणि पुजाऱ्यांकडून मिळतील तेवढ्या चिजा गोळा करून त्या लिहून काढत होते. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला. १९२६ साली लखनौचं मॅरिस कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्याच खटपटीनं. एकानं गाणं घरात बसण्याजोगं केलं, दुसऱ्यानं कागदावर बसण्याजोगं. आज मी जे शिकवते, ज्या पद्धतीनं शिकवते आणि मुळात एका मध्यमवर्गीय घरातली बाई असून शिकवू शकते, ते या दोघांमुळे.

पण हे करताना एक अट न बोलता घातली गेली, असं माझं मत बनत गेलं आहे. गाणं सभ्य झालं ते पोटापासून तोडल्यावर. तोवर ज्यांचं पोट गाण्यावर होतं ते म्हणजे उस्तादांची घराणी, कलावंतिणी, देवळापुढे सनई वाजवणारे गुरव आणि घडशी, तमाशाचे फड. नाटक मंडळ्यांत गाणाऱ्या नटाला पगार मिळत असे, पण तो नट आपला जावई व्हावा असं कुणाला वाटत नसे. गाणं मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आलं तेव्हा यांच्यातलं गाणं आत घेतलं आणि मोबदल्याचा व्यवहार बाहेर ठेवला. बडोद्यात सयाजीरावांनी १८८६ साली गायनशाळा काढून ती मौलाबक्षांच्या हाती दिली होती, अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केलं होतं. म्हणजे पेशेवर घराण्यातल्या माणसांनीही शाळा चालवल्या. गोव्यातून आलेल्या मोगूबाई कुर्डीकर आणि केसरबाई केरकर यांनी गाण्यावरच आपली घरं उभी केली. तरी ‘गाण्याचं शिक्षण’ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर येतो तो संस्कार, आणि संस्काराचा कुणी दर विचारत नाही.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलगी विशारद आहे हे मुद्दाम पत्रिकेसोबत लिहून दिलं होतं. मुलगी पैसे घेऊन कार्यक्रम करते, हे मात्र बोलणी पुरी होईपर्यंत घरात कुणी उच्चारलं नाही. मी तेव्हा कार्यक्रम करत होते, आणि पाकीट घेत होते.

गाणं ही ईश्वरी देणगी आहे, हे कौतुकाचं वाक्य मला अलीकडे महाग वाटतं. देणगीला मेहनत लागत नाही, आणि जिला मेहनत लागत नाही तिचा पगार कसला? गणिताच्या मास्तरांना कुणी ही देणगी आहे म्हणून फुकट शिकवा म्हणत नाही. आम्हाला गणेशोत्सवात दोन तास गायला बोलावून शाल आणि श्रीफळ देतात, आणि आपण देणाऱ्याचं मन मोडायचं नाही असं आम्हाला शिकवलेलं असतं.

देणगीची गोष्ट खोटी कशी आहे ते बघायचं असेल तर परीक्षेच्या खोलीत येऊन बसावं. सतरंजी, दोन इलेक्ट्रॉनिक तंबोरे, सकाळपासून तीनताल वाजवून कंटाळलेले तबलजी, आणि दाराबाहेर ओळीनं बसून शेवटची घोकंपट्टी करणाऱ्या मुली. वरच्या परीक्षेला भूप आणि देशकार हे दोन राग शेजारी शेजारी येतात. दोन्हींत स्वर तेच पाच: सा रे ग प ध. लेखी पेपरात फरक सगळ्यांना लिहिता येतो. भूपाचा वादी गंधार, देशकाराचा धैवत. भूप पूर्वांगात रमतो, देशकार उत्तरांगात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. पैकीच्या पैकी मार्क. मग मी म्हणते, बंदिश राहू दे, नुसते आलाप कर देशकारचे. दोन आलाप सरळ जातात. तिसऱ्याला ती गंधारावर विसावते, तिथून रे वर उतरून सा गाठते, आणि खोलीत भूप सुरू होतो. तिला स्वतःला ते ऐकू येत नाही, पण तबलजींची मान वर होते.

हे ऐकू येईपर्यंत वर्षं जातात. धैवतावर किती थांबायचं, पंचमाला किती टेकायचं, गंधाराला नुसता हात लावून कसं निघायचं, हे पुस्तकात एका वाक्यात आहे आणि गळ्यात यायला शेकडो तास लागतात. प्रयोगशाळेत चुकलेलं मोजमाप दुसऱ्याला दाखवता येतं. इथे ज्या कानानं चूक पकडायची तो कानच आधी घडवावा लागतो. विद्यापीठीय विषयाला लागणारी शिस्त याहून वेगळी काय असते, ते मला कुणी सांगावं. विश्लेषण आहे, परंपरेचा अभ्यास आहे, मतभेद आहेत, आणि ते मतभेद पुराव्यानिशी मांडावे लागतात. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राची धुरा सांभाळलेल्या अशोक रानड्यांनी तर लोकसंगीत, नाट्यसंगीत, चित्रपटगीत सगळंच या अभ्यासाच्या टेबलावर आणलं. नेट ही परीक्षा संगीत विषयातही होते. विषय म्हणून मान्यता मिळायची राहिली आहे, असं मला म्हणायचंच नाही. कागदावर ती कधीच मिळाली. पगारपत्रकावर मिळायची आहे.

कॉलेजातली माझी जागा हा त्याचाच नमुना. पूर्णवेळ पद कैक वर्षं रिकामं, तासाला ठरलेली रक्कम, आणि तीही सत्र संपून गेल्यावर हातात. परीक्षा, सुट्ट्या, संमेलनं आली की तास बुडतात, आणि तास बुडाला की पैसे बुडतात. स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत मात्र बसवून द्यावं लागतं. ते तासात धरत नाहीत.

तरी तिथे जावंसं वाटतं याला कारण आहे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे विज्ञान-वाणिज्याच्या मुलांना संगीताचे दोन क्रेडिट घेता येऊ लागले, म्हणजे प्रात्यक्षिकाचे साठ तास. पहिल्या वर्षी वाटलं, उपस्थितीसाठी येतील. भौतिकशास्त्राच्या एका मुलीनं विचारलं, तंबोऱ्याच्या तारेखाली दोरा कशाला? मग त्या तुकडीला घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत गेले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे तिथे वाळून टांगलेले असतात. कारागीर घोडीचा माथा हळूहळू घासत, तार छेडत, पुन्हा घासत बसलेला असतो. माथ्याला किंचित उतार दिला आणि तारेखाली दोरा नेमक्या जागी सरकवला की तार मोकळी होते, जवारी लागते आणि एका तारेतून स्वरांचा थवा निघतो. किती घासायचं हे त्याच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. सी. व्ही. रामन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या तोंडावर नेमका हाच विषय अभ्यासाला घेतला होता. तंबोरा आणि वीणेच्या तारांवर त्यांनी लिहिलं, आणि तबला-मृदंगावरच्या शाईमुळे चामड्यातून सुसंवादी स्वर कसे निघतात हेही दाखवलं. त्या मुलीनं परत आल्यावर मोबाईलवर आलेख काढून आणला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. गल्लीतली पोरं मात्र हा धंदा पुढे करायचा का, यावर अजून विचार करताहेत.

माझ्या वर्गात सध्या दोन विद्यार्थी असे आहेत की त्यांना शेजारी बसलेलं पाहिलं की वर लिहिलेला सगळा इतिहास डोळ्यांपुढे येतो.

एक मुलगी डॉक्टरांची. आठव्या वर्षापासून माझ्याकडे, विशारद पूर्ण, आवाज तिन्ही सप्तकांत फिरणारा. तिच्या वडिलांना गाण्याचं वेड आहे, त्यांच्याकडे जुन्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आहे आणि गावातल्या संगीत मंडळाला ते दरवर्षी देणगी देतात. बारावी सायन्सनंतर मुलगी म्हणाली बी.ए. संगीत करते, तेव्हा तेच गृहस्थ माझ्याकडे येऊन बराच वेळ बोलत राहिले. “बाई, आयुष्यभर गाऊ दे तिला. पण त्याच्यावर जगायची वेळ येऊ नये एवढंच.” यात तिरस्कार नव्हता, धास्ती होती. ज्या कलाकारांच्या ध्वनिमुद्रिका ते जपतात ते सगळे त्याच्यावरच जगले, हे मी तेव्हा बोलले नाही. शेवटी, पदवीनंतर एम.बी.ए. करायचं, या बोलीवर तिला प्रवेश मिळाला.

दुसरा मुलगा गुरवाचा. वडील देवळात सनई वाजवतात, चुलत्यांची बेंजो पार्टी आहे. टेम्पोवर भोंगे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आणि समोर वरात. हा बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर कीबोर्ड वाजवतो. कुठलंही गाणं सांगा, काळी दोन म्हणा की पांढरी पाच, त्याच क्षणी पट्टी बदलून वाजवील. पिलू रागाच्या सगळ्या जागा त्याच्या हातात होत्या, फक्त त्याला पिलू म्हणतात हे त्याला माझ्या वर्गात कळलं. त्याच्या घरी ‘पुढे काय’ असा प्रश्नच नाही, पुढे लगीनसराई आहे. त्याला हवा आहे तो कागद. केंद्रीय विद्यालयांत, नवोदय विद्यालयांत संगीतशिक्षकाची पदं असतात. जागा थोड्या, पण पगार महिन्याच्या महिन्याला, आणि त्यासाठी पदवी लागते. “पावसाळ्यात आमचं सगळं बंद असतंय मॅडम,” त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं.

भातखंडे लिपी लिहायला त्याला सुरुवातीला जड गेलं. विसेक माणसांनी कुठे थांबायचं, कुठे उचलायचं हे डोक्यात बाळगणारा मुलगा मात्रांचे खंड पाडताना घामाघूम व्हायचा. परीक्षेत संबळाचा पेपर नाही, बेंजोचा नाही. त्याला आधीच जे येतं त्याला आमच्याकडे एकही गुण नाही. त्या मुलीला विषय पिढीजात मिळाला आहे आणि धंद्याची भीती वाटते. त्याला धंदा पिढीजात आहे आणि विषयाच्या दारात तो नवखा आहे. मला दोघांना एकच अभ्यासक्रम शिकवायचा आहे.

म्हणून विभागप्रमुखांच्या मागे लागून मी त्या अभ्यासक्रमात एक घटक घालायला लावला: बिदागी, करार, पावती आणि हक्क. ज्या बैठकीत तो मांडला तिथे एक ज्येष्ठ म्हणाले, “हे वाणिज्य शाखेकडे द्या ना. संगीतात कुठं बसतं?” चर्चा झाली, तास निम्मे झाले, आणि घटक राहिला. मी त्यात शिकवते ते फार अवघड नाही. गाण्याला चाल लावली तर तिच्यावर कुणाचा हक्क, २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतला आपला वाटा सहजासहजी लिहून का देता येत नाही, रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद कोण होऊ शकतं, आकाशवाणीची श्रेणी म्हणजे काय आणि ती कशी मिळते. ऑनलाइन शिकवताना आवाज किंचित उशिरा पोचतो, त्यामुळे गुरू-शिष्याला एकत्र गाता येत नाही, तेव्हा आधी ध्वनिमुद्रण पाठवावं लागतं आणि त्या ध्वनिमुद्रणाच्या वेळेचेही पैसे धरायचे असतात. लोककला आणि शास्त्रीय कलांच्या कार्यक्रमाला दीड लाखापर्यंतच्या बिदागीवर जीएसटी नाही, हे सांगितल्यावर वर्ग खूप हसला.

गेल्या सत्रात मी त्यांना एक काम दिलं. सांगलीहून कोल्हापूरला जाऊन दोन तासांची मैफल करायची आहे, आयोजकाला खर्चाचं पत्रक लिहून द्या. डॉक्टरांच्या मुलीनं सुवाच्य अक्षरात कार्यक्रमाची रूपरेषा लिहिली, राग, बंदिशी, शेवटी भैरवी. रकमेच्या जागी लिहिलं, “आयोजकांच्या इच्छेनुसार.”

गुरवाच्या मुलानं कागद वाचला. “असं लिहिलं की शाल मिळतीया.”

मग तोच फळ्याशी गेला. सुपारी कशी घ्यायची ते त्यानं क्रमानं लिहिलं. निम्मे पैसे तारीख धरतानाच. माणसं किती, त्यांचं जेवण कुणाकडे. गाडी, डिझेल, टोल. ध्वनियंत्रणा आपली की त्यांची. रात्री दहाला पोलीस माईक बंद करतात, म्हणून आयोजकांच्या भाषणांमुळे उशीर झाला तरी पैसे पूर्ण, हे आधीच लिहून घ्यायचं. मुलीनं विचारलं, “आधी पैसे मागताना अवघड नाही वाटत?”

“मंडपवाला घेतोय की,” तो म्हणाला.

तिनं नवीन कागद घेतला, ओळीनं रकाने पाडले आणि या वेळी गायनाची रक्कम सगळ्यात वर लिहिली. पेटीवाल्याची, तबलजींची, तंबोऱ्याला बसणाऱ्या मुलीची वेगळी. खाली बेरीज केली, तिच्याखाली दोन रेघा मारल्या आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं तो वरून खालपर्यंत बघितला.

“तबलजीला परत कसं धाडणार? अकराच्या पुढं एसटी न्हाई.”